तांब्याभर पाणी आणि पहिला रेझर

भाच्याची बारावी झाली आणि दोन गोष्टी एकदमच घडल्या. त्याला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि त्याच्या गळ्यावर पुळ्या आल्या. पुळ्यांचं कारण लवकरच कळलं. तो वडिलांचा तीन पात्यांचा रेझर गुपचूप वापरत होता. नुसतं पाणी लावून, केसांच्या उलट दिशेने, जोर देऊन. सुट्टीत बार्शीला आला तेव्हा त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. पडद्यावर दोन फोटो होते. एक निळ्या प्लास्टिकचा स्वस्त रेझर, कुठल्याही किराणा दुकानात टांगलेला दिसतो तसा. दुसरा चकचकीत, जड, दोन्ही बाजूंनी धार असलेलं पातं बसवायचा; त्याच्या वर्णनात 'पारंपरिक' हा शब्द तीनदा आला होता.

"मामा, ह्यातला कुठला घेऊ?"

"उद्या सांगतो," म्हणालो. त्या उद्याला तीन आठवडे लागले.

प्रश्न साधा होता, पण मला सवय पुस्तकांवर लिहायची. कविता किंवा कादंबरी हातात आली की आपण विचारतो, हिने कसला वाचक गृहीत धरलाय? त्याच्याजवळ वेळ किती, संदर्भ किती, धीर किती? वस्तूलाही हाच प्रश्न विचारता येतो हे मला रेझरने शिकवलं. रेझरसुद्धा वापरणारा गृहीत धरून घडवलेला असतो. त्याच्या घरी नळ आहे का, आरसा कुठे टांगलाय, उजेड किती, हात शिकायला तयार आहे का, हे सगळं त्या धातूत नि प्लास्टिकमध्ये लिहिलेलं असतं. तेव्हा ही त्या दोन फोटोंची समीक्षा.

न दिसलेला तांब्या

निळ्या रेझरपासून सुरुवात करू, कारण त्याच्यामागे एक शिकण्यासारखी चूक आहे.

जिलेट कंपनीने २००२ मध्ये भारतासाठी 'व्हेक्टर' नावाचा रेझर आणला. इथले पुरुष रोज दाढी करत नाहीत, केस वाढलेले असतात आणि ते पात्यांत अडकतात, एवढं कंपनीला ठाऊक होतं. म्हणून अडकलेले केस ढकलून काढणारी एक पट्टी त्यात बसवली होती. चाचणीसाठी भारतात येण्याऐवजी अमेरिकेतच एमआयटीमध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना तो वापरायला दिला. त्यांना आवडला. भारतात मात्र तक्रारी आल्या. त्या विद्यार्थ्यांच्या बेसिनला नळ होता. इथे माणूस जमिनीवर बसून, छोटा आरसा भिंतीला टेकवून, पेल्यातल्या पाण्यात रेझर बुडवत होता. वाहत्या पाण्याखाली पट्टीने सुटणारे केस साचलेल्या पाण्यात सुटेनात. चाचणी घेणाऱ्यांना विद्यार्थी भारतीय दिसले, पण त्यांच्यासमोरचा नळ भारतातल्या घराघरांतला नव्हता, हे दिसलं नाही.

बार्शीत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट वाचून हसू येतं आणि थोडा रागही येतो. आमच्याकडे पाणी ही नळाची नाही, साठ्याची गोष्ट आहे. माठ, पिंप, टाकी, आणि दाढीसाठी तांब्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली तेव्हा ती पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी अशीच गेली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. ज्या मुलखातून पाणी रेल्वेने न्यावं लागतं, तिथे नळ उघडा सोडून दाढी करण्याची कल्पना करणंसुद्धा जड जातं. तरी एकदा मुद्दाम करून पाहिली, नळाखाली बादली ठेवून. बादली अर्ध्याच्या वर भरली. तांब्यात केली तेव्हा तांब्या निम्मासुद्धा संपला नाही.

पुढे कंपनी खरोखर इथे आली. माणसांच्या घरी बसून दाढी कशी करतात ते पाहिलं आणि २०१० मध्ये 'गार्ड' बाजारात आला. किंमत १५ रुपये, बदलायचं डोकं ५ रुपये. पातं एकच. तीन पात्यांच्या रेझरला जिथे पंचवीसएक सुटे भाग लागत, तिथे यात चार. दांडा पोकळ, म्हणून हलका. पात्याच्या पुढे दातेरी कंगवा, म्हणजे मंद उजेडात, लांब केसांतही कातडी पात्याखाली सापडू नये. खळबळल्यावर तांब्यातल्या पाण्यातही धुऊन निघावा एवढी मोकळी जागा. खाली भोक, खिळ्याला टांगायला.

ही मला प्रामाणिक रचना वाटते. स्वस्त म्हणजे हिणकस, हा समज आम्हा बार्शीकरांना तरी नसावा. आमची लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली ती अडीच फुटी रुळांवर. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनियराने प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार येणार नाही असा हिशेब करून डबे आणि इंजिनं बनवून घेतली, म्हणून हलके, स्वस्त रूळ पुरले. हलकेपणा ही तिथे काटकसरीने केलेली तडजोड नव्हती, नीट विचार करून केलेली रचना होती. गार्डचंही तसंच. ज्याला पहाटे कामावर जायचंय, ज्याच्याकडे दहा मिनिटं, एक बल्ब आणि एक तांब्या आहे, त्याने तो वापरावा. त्याला नावं ठेवणाऱ्याने आधी आपला नळ बंद करावा.

माझा आक्षेप दुसरा आहे. गार्डने गरीब माणसाची परिस्थिती ओळखली, पण त्याचा हात शिकू शकतो हे ओळखलं नाही. डोकं हलतं, पात्याचा कोन कंपनीने ठरवलेला, पुढे कंगवा. हाताने फक्त ओढायचं. आणि त्यावर बसतं ते फक्त त्याचंच डोकं. उद्या दुकानात ते मिळेनासं झालं, तर दांडा खिळ्यालाच टांगून ठेवायचा.

ज्याला परंपरा म्हणतात ते

आता दुसरा फोटो. जड, चकचकीत, 'पारंपरिक'.

याचा इतिहास शोधला की पहिलीच गंमत लागते. हा रेझर परंपरा मोडण्यासाठी जन्माला आला होता. किंग कॅम्प जिलेट याने १९०३ मध्ये पहिल्यांदा विकायला काढला तेव्हा वर्षभरात ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. विल्यम निकरसन याने पातळ पोलादाला धार कशी लावायची आणि ते कडक कसं करायचं हे सोडवलं नसतं, तर तेवढीही खपली नसती. १९०४ मध्ये पेटंट मिळालं आणि त्या वर्षी नव्वद हजारांवर रेझर गेले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर घेतले. न्हाव्याकडे न जाता, सहाणेवर धार न लावता, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा न घासता, माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःची दाढी करावी, हा त्या रेझरचा सगळा दावा. शंभर वर्षांनी त्याच वस्तूवर 'पारंपरिक'चं लेबल लागतं. ज्याने परंपरा मोडली, तोच म्हातारा झाला की परंपरा होतो. साहित्यात हे आपण पुष्कळ पाहिलंय.

मग आपली परंपरा कुठली? ती या फोटोत नाही. आपल्याकडे दाढी हे स्वतः करायचं काम नव्हतंच. धोकटी घेऊन न्हावी दारी येई किंवा आपण पारावर त्याच्यापुढे बसत असू. बारा बलुतेदारांतला तो एक; वर्षभराच्या कामाचं धान्य खळ्यावर. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) लिहिला तेव्हा ही घडी मोडकळीला आली होती, पण होती. त्या घडीत वस्तरा एकाच्या हातात आणि गाल दुसऱ्याचा, हे ठरलेलं होतं. कोणाचा गाल हेही ठरलेलं होतं. गावच्या दंडकाने न्हाव्याचा वस्तरा दलितांच्या वस्तीपर्यंत जात नसे. तिथे माणसं एकमेकांची करत. आणि विधवेच्या डोक्यावर मात्र तोच वस्तरा तिची इच्छा न विचारता फिरवला जाई.

म्हणून या वस्तूच्या इतिहासातला मला सगळ्यांत मोठा वाटणारा प्रसंग कुठल्याही कारखान्यातला नाही. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक जमले आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं त्यांनी ठरवलं. त्यामागे सत्यशोधक चळवळीची आणि जोतीराव फुल्यांच्या विचारांची प्रेरणा होती. ज्यांच्या पोटाचं साधन वस्तरा, त्यांनी वस्तरा खाली ठेवला. धार कशावर चालवायची नाही हे ठरवणं, हीही कारागिरीच.

हे सगळं एका रेझरच्या निवडीत कशाला आणायचं, असं भाचा म्हणेल. आणायचं अशासाठी की 'पारंपरिक' या शब्दाच्या मोहात तो हजारो रुपये घालवायला निघाला होता. त्याला वाटत होतं की ती जड वस्तू हातात धरली की आजोबा-पणजोबांशी नातं जुळेल. त्याच्या पणजोबांनी आयुष्यात रेझर हातात धरला नाही. ते आडव्या ओसरीवर डोळे मिटून बसत, आणि दुसऱ्या कुणाचा तरी हात त्यांच्या गळ्यावरून फिरत असे. आपली दाढी आपण करणं, हीच या घराण्यातली नवी गोष्ट आहे. ती नवी आहे म्हणून चांगली आहे.

अभंगात नसलेला वस्तरा

परंपरेतलं काही घ्यायचंच असेल, तर मी दुसरीकडून घेईन. संत सेना महाराजांचा एक प्रसिद्ध अभंग आहे, आपल्या धंद्यालाच रूपक करणारा. बार्शीहून पंढरपूर लांब नाही; वारीच्या दिवसांत तो कानावर पडतोच. या निमित्ताने तो पुन्हा समोर घेतला आणि एक गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली. त्यात आरसा आहे, तो विवेकाचा. चिमटा आहे, तो वैराग्याचा. डोकं भिजवायला पाणी आहे, ते शांतीचं. शेंडी आहे, अहंकाराची, नखंसुद्धा आहेत. पण वस्तऱ्याला स्वतंत्र रूपक नाही. न्हाव्याने न्हाव्याच्या कामावर लिहिलेल्या कवितेत मुख्य हत्यारच नावाने येत नाही.

याचा अर्थ फार ताणू नये, पण धंद्यातल्या माणसाच्या नजरेने पाहिलं तर हे पटण्यासारखं आहे. आधी दिसलं पाहिजे, मग भिजलं पाहिजे. ही दोन कामं नीट झाली की पातं काय करायचं ते करतंच. आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्या आप्पांना मी विचारलं, "आप्पा, पोराला पहिला रेझर कुठला देऊ?" त्यांनी गिऱ्हाइकाच्या गालावरचा ब्रश न थांबवता उत्तर दिलं, "कुठलाबी द्या मास्तर. आधी दोन मिनिटं ब्रश फिरवायला शिकवा."

ब्रशची ती दोन मिनिटं म्हणजे निम्मी दाढी. केस पाणी प्यायला की मऊ होतो आणि कापायला कमी जोर लागतो. कोरडा केस पातळ तांब्याच्या तारेइतका चिवट असतो असं म्हणतात. फेस हा दाखवायला नसतो. तो पाणी केसाशी धरून ठेवतो आणि पातं घसरायला वंगण देतो. इथे बार्शीची एक अडचण आहे. बोअरचं पाणी जड, शाळेच्या पुस्तकातलं 'दुष्फेन'. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन साका तयार होतो, फेस होत नाही. पोरं मग साबणाला, ब्रशला, शेवटी रेझरला दोष देतात. उपाय सोपा आहे: फेसापुरतं अर्धी वाटी पिण्याचं गाळलेलं पाणी घ्यावं, रेझर खळबळायला बोअरचं चालेल. वड्या साबणापेक्षा ट्यूबमधलं क्रीम अशा पाण्यात जरा बरं वागतं.

मग कुठला?

आता निवडीकडे. बाजारात दुहेरी धारेच्या पात्याचे रेझर डझनांनी आहेत आणि सगळे फोटोत सारखेच दिसतात. पण ते सारखे नसतात. टोपीखालून पातं किती बाहेर डोकावतं आणि पातं व खालची पट्टी यांत किती फट आहे, यावर रेझरचा स्वभाव ठरतो. डोकावणं नि फट कमी, तो सौम्य. जास्त, तो आडदांड. जर्मनीच्या म्यूले कंपनीचे 'आर-८९' आणि 'आर-४१' शेजारी ठेवले तर नवख्याला भाऊ वाटतील. पहिला शिकणाऱ्याचे लाड पुरवतो. दुसरा उघड्या दातांचा, सरावलेल्या हातालाच झेपणारा. चकाकी पाहून निवडणाऱ्याला हा फरक कळायचा तो रक्त आल्यावर.

बार्शीच्या न्हाणीघरातून मी तीन कसोट्या लावल्या.

पहिली कसोटी पाण्याची. तांब्यात खळबळल्यावर तो साफ झाला पाहिजे, आणि नाही झाला तर उघडून पुसता आला पाहिजे. इथे तीन तुकड्यांचा साधा रेझर जिंकतो: टोपी, खालचा पाट, दांडा. दांडा फिरवला की तिन्ही सुटे. दांड्याचं टोक फिरवल्यावर दोन दारं उघडणारा फुलपाखरासारखा प्रकार दिसायला मोहक असतो, पातं बदलायलाही सोपा. पण त्याच्या बिजागऱ्यांत आमच्या पाण्याचा क्षार बसतो आणि काही महिन्यांत दारं कुरकुरू लागतात. तेही व्हिनेगरने सुटतं, पण नवख्याला तो उद्योग नको.

दुसरी कसोटी शिकण्याची. पहिला रेझर चूक माफ करणारा हवा, पण चूक झाल्याचं सांगणाराही हवा. कार्ट्रिज चूक लपवतं. तुम्ही जोर दिलात तरी त्या क्षणी काही कळत नाही, पुळ्या दोन दिवसांनी येतात. त्याचं कारणही रचनेत आहे. पुढचं पातं केस ओढून धरतं, मागचं तो कातडीच्या खालून कापतं, आणि कुरळा केस वाढताना आतल्या आत वळतो. भाच्याच्या गळ्याचं हेच झालं होतं. एका पात्याचा सौम्य रेझर केस कातडीशी कापतो. आणि हात चुकला तर तिथल्या तिथे चुरचुरतं. ही चुरचुर म्हणजेच शिकवणी. वजनही इथेच येतं. साठ ते ऐंशी ग्रॅमचा रेझर स्वतःच्या भाराने उतरतो, हाताला फक्त दिशा द्यायची असते. नवख्यांत लोकप्रिय असलेला मर्कुर '३४-सी' साधारण ७८ ग्रॅमचा, आखूड दांड्याचा आहे, तो याचसाठी. फार हलका असेल तर मन आपोआप दाबायला लागतं, आणि दाबलं की कापतं.

तिसरी कसोटी उद्याची. जिलेटची मूळ पेटंटं १९२१ मध्ये संपली आणि दुहेरी धारेचं पातं सगळ्यांचं झालं. आज कुठल्याही कंपनीचं पातं कुठल्याही कंपनीच्या रेझरमध्ये बसतं. भगवंत मंदिराकडच्या कटलरीच्या दुकानात टोपाझ, सुपरमॅक्स, सेव्हन ओ'क्लॉक अशी नावं आम्ही लहानपणापासून वाचत आलो. रेझर एकच, पातं खिशाप्रमाणे. हा मला या वस्तूचा सगळ्यांत मोठा गुण वाटतो. ओवीसारखा आहे तो: चौकट सगळ्यांना खुली, भरायचं ज्याचं त्याने. कार्ट्रिजचा रेझर म्हणजे ज्याचे हक्क राखून ठेवलेत असा छंद.

या तिन्ही कसोट्यांवर उतरतो तो रेझर फोटोतला नव्हता. तो तीन तुकड्यांचा, बंद पट्टीचा, सौम्य डोक्याचा. दांडा पितळी किंवा पोलादी असेल तर उत्तम. जस्ताच्या मिश्रधातूवर मुलामा दिलेला असेल तर मुलामा नीट पाहून घ्यावा, कारण तो सोलला की आतला धातू आमच्या पाण्यात खायला लागतो. परदेशी नाव असेल तर काही हजार. भारतात बनलेला त्याच धर्तीचा काही शेकड्यांत मिळतो. पहिल्या वर्षात हाताला दोघांतला फरक कळत नाही. वाचलेल्या पैशात चांगला ब्रश आणि तुरटीची वडी घ्यावी. आणि पाती मध्यम धारेची. जपानी फेदरसारखी अति तिखट पाती हात बसल्यावर.

वस्तऱ्याचं काय, असं कुणी विचारेल. सरळ वस्तऱ्याचा मोह नवख्यांना फार. आप्पांच्या दुकानात तरी खानदानी वस्तरा आहे कुठे? ते दुहेरी पातं कागदातच मोडून अर्धं करतात, ते अर्धं पातं दांड्यात बसवतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं. एड्सच्या भीतीने आलेली ही शिस्त आता सवय झाली आहे. त्यांच्या हाताला हजारो गालांचा अभ्यास आहे. पहिल्याच दिवशी स्वतःच्या गळ्यावर, आरशातल्या उलट्या हाताने ते करायला जाणं म्हणजे ओवी येत नसताना महाकाव्य लिहायला बसणं.

पात्याचं दुसरं टोक

शेवटी रेझर आला. भाचा तो उघडून न्हाणीघरात उभा राहिला, मी दारात. गरम पाण्याने तोंड धुतलं. दोन मिनिटं ब्रश, आप्पांच्या घड्याळाने. मग मी सांगितलं ते एवढंच. आधी बोटाने गाल चाचपून केस कुठल्या दिशेने वाढतात ते बघ. गळ्यावर दिशा बदलते. टोपी गालाला टेकव, दांडा आडवा धर, आणि हळूहळू खाली आण. पातं जिथे केसाला लागल्याचं जाणवेल तिथे थांब. तो कोन साधारण तीस अंशांचा होतो, पण अंश मोजू नकोस, कान दे. नीट कोनात केस कापल्याचा बारीक आवाज येतो. दाबू नकोस. आखूड आखूड ओढ. पहिला महिना केसांच्या दिशेनेच, एकदाच. गुळगुळीतपणाचा हट्ट नको. तो हट्ट पुळ्या आणतो.

वीस मिनिटं लागली. हनुवटीखाली एक ठिपका रक्त आलं, तुरटीने थांबलं. तांब्यात निम्म्याहून जास्त पाणी उरलं होतं. ते त्याने तुळशीला घालायला नेलं तेव्हा साबणाचं आहे म्हणून आजीने दारातच अडवलं.

मग त्याने विचारलं, "मामा, हे पातं संपलं की कुठे टाकायचं?" या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा निघाला. आम्ही तोवर जुनी पाती कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकत आलो होतो. तो कागद घंटागाडीत जातो, आणि पुढे कुणाचा तरी हात त्या ढिगात जातो. आपली दाढी आपण करायला लागलो, वस्तरा दुसऱ्याच्या हातातून आपल्या हातात घेतला, आणि बोथट झालेली धार मात्र पुन्हा दुसऱ्याच्याच हातात देत राहिलो.

त्या दिवशी दोघांनी मिळून बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्याला झाकणात अरुंद चीर पाडली आणि झाकण चिकटवून टाकलं. वापरलेली पाती त्यात. असा डबा भरायला काही वर्षं लागतील. भरला की भंगारवाल्याला हातात देऊन, आत पाती आहेत असं सांगून द्यायचा. भाचा पुण्याला गेला तेव्हा रेझर, ब्रश, तुरटी, पात्यांची दहाची पेटी आणि तो डबा असं सामान होतं. हॉस्टेलला नळाला चोवीस तास पाणी आहे, असं त्याने फोनवर सांगितलं. तरी तांब्या मागवलाय.